निघेपर्यंत ओढावे

टक्.

एवढाच आवाज झाला. स्टीलच्या ताटलीवर काहीतरी बारीक आणि कडक पडावं तसा. पण दुपारची वेळ होती आणि माझी लेक ऋतुजा नुकतीच झोपली होती. ती झोपल्यावर आमच्या भोपाळजवळच्या मिसरोदच्या घरात जी शांतता पसरते, तिची आम्ही सगळे मिळून राखण करतो. तेव्हा फ्रिजसुद्धा दबकून घरघरतो. त्यामुळे तो टक् मला शेवटच्या खोलीत ऐकू आला.

मी स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. समोर ताटलीत संक्रांतीच्या तिळाची अर्धी वडी होती आणि त्या वडीत, अंगठीत खडा बसवावा तसा, एक सुबक पांढरा दात रुतलेला होता.

"आई, दात पडला?"

"दात नाही, कॅप," त्या पदराआडून म्हणाल्या. मग जरा थांबून, "पाक पुढे गेला गं तुझा."

इथे नमूद करणे आवश्यक आहे की हे वाक्य सासूबाई दर संक्रांतीला म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्यावर रडले होते. दुसऱ्या वर्षी नवऱ्याशी भांडले. त्यानंतर ते वाक्य हलव्यासारखं, सुगडांसारखं सणाचाच एक भाग होऊन गेलं. फरक इतकाच, की यंदा पाक पुढे गेल्याचा पुरावा उपलब्ध होता.

कॅपची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. सासूबाईंचा वरचा, अगदी पुढचा दात खराब झाला, म्हणून दिवाळीच्या आधी तो घासून खुंटीएवढा केला आणि त्यावर सिरॅमिकची टोपी बसवली. टोपी आणि खुंटी यांच्यामध्ये सिमेंट असतं. घर बांधायचं नव्हे, दाताचं. पण वचन तेच. त्या सिमेंटच्या डबीवर एका हसऱ्या जोडप्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'एकदा चिकटलं की चिकटलं.' एरवी हे वाक्य मी फक्त नातेवाइकांबद्दल ऐकलं होतं.

आता घडलेला प्रकार शास्त्रीय भाषेत सांगायचा, तर दाताच्या सिमेंटची आणि सेंद्रिय गुळाच्या पाकाची एकाच कॅपवरून समोरासमोर ओढाताण झाली आणि पाक जिंकला.

मी म्हटलं, "कोमट पाण्यात टाकते. गूळ विरघळेल, कॅप सुटेल. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन चिकटवून आणू."

घाई होती, कारण रथसप्तमी जवळ आली होती. त्या दिवशी आमच्याकडे हळदीकुंकू असतं आणि त्या हळदीकुंकवाला अरेरा कॉलनीपासून साकेत नगरपर्यंतच्या बायका वाणासाठी येत नाहीत, तर सासूबाईंच्या उखाण्यासाठी येतात. लीलाबाई, म्हणजे सासूबाई, दरवर्षी नवा उखाणा घेतात. एका वर्षी त्यांनी मेट्रोच्या खांबांत नवऱ्याचं नाव गुंफलं होतं आणि खांब उभे राहण्याआधीच तो उखाणा इंदूरपर्यंत पोचला होता. उखाणा घेऊन झाला, की त्या स्वतःच आधी हसतात. सासूबाई हसतात तेव्हा पूर्ण हसतात. डोळे मिटतात, खांदे हलतात, आणि शेजारी बसलेल्या बाईला आधारासाठी मांडी द्यावी लागते.

"यंदा तूच कर हळदीकुंकू," त्या म्हणाल्या. "मी आत बसेन."

"आई, काहीतरीच काय."

"हे तोंड घेऊन उखाणा घेऊ?" आणि पदर आणखी वर गेला.

तर पणाला लागलेली गोष्ट ही होती. बाकी सगळी कागदपत्रं.

मी पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं, तेवढ्यात दारात बाबा आले. बाबा म्हणजे माझे सासरे, श्री. मनोहर, निवृत्त उपसंचालक. त्यांचे वडील राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. आमच्या घराण्यात असं सांगतात, की आधी फायली आल्या आणि माणसं मागून आली. बाबा अजूनही फाइलला 'नस्ती' म्हणतात, भाजीच्या पिशवीवर तारीख घालतात आणि ऋतुजानं चॉकलेट मागितलं तर तिला 'आवेदन दे' म्हणतात. ती देतेही.

"थांब सूनबाई," ते म्हणाले. "कशालाही हात लावू नकोस. स्थिती जैसे थे ठेव."

"बाबा, ती वडी आहे."

"आत्ता ती वडी नाही. आत्ता तो नमुना आहे." त्यांनी ताटलीकडे वाकून पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली. बऱ्याच वर्षांनी घरात एक प्रकरण उद्भवलं होतं. "कॅप वॉरंटीत आहे. सगळं रीतसर होईल."

सासूबाईंनी डोळे मिटले. पन्नासेक वर्षांच्या संसारात 'रीतसर' हा शब्द त्यांनी पुष्कळदा ऐकला होता. त्यांचा हनिमूनसुद्धा रजा मंजूर होऊन येईपर्यंत पावसाळ्यात गेला होता.

माझा नवरा अभिजीत कामानिमित्त बाहेरगावी होता. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "अगं, चिकटवून आण ना. बाबांना कशाला सांगितलंस?"

"सांगितलं नाही. आवाज झाला."

"मग संपलं," तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

डॉ. सौरभ यांचा दवाखाना अरेरा कॉलनीत आहे. ते इंदूरचे, बोलायला गोड, हातानं हलके. त्यांनी आम्ही डबीत घालून नेलेली वडी उजेडात धरली, सासूबाईंच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाले, "काकू, दहा मिनिटांचं काम आहे. कॅप आतून साफ करतो, दात कोरडा करतो, नवं सिमेंट घालतो, दाबून धरतो. आज फक्त पेरू खाऊ नका."

सासूबाईंचा पदर दोन बोटं खाली आला. मला वाटतं, त्या थोड्या हसल्याही.

"वॉरंटी आहे ना?" बाबांनी विचारलं.

घरी निघताना, कुलूप लावून झाल्यावर, आत फोन वाजावा तसा डॉक्टरांचा चेहरा झाला.

"आहे काका. पण वॉरंटीनं जायचं, तर मला हात लावता येणार नाही. मी हात लावला की वॉरंटी संपली. तात्पुरती कॅप लावली तरी संपली."

"मग लावू नका."

"काका, रीतसर करायचं आहे की बसवायचं आहे?"

"रीतसर बसवायचं आहे."

डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. यापुढचं संभाषण त्यांनी तसंच, विश्राम अवस्थेत केलं. ते म्हणाले, "कॅपची वॉरंटी ती फुटली तर आहे. तुमची फुटली नाही. सिमेंटची वॉरंटी ते डबीत खराब झालं तर आहे. ते डबीतून केव्हाच बाहेर आलं. आणि दाताची वॉरंटी कुणीच देत नाही, ती देवाघरची."

"पण कॅप आणि दात यांच्यातला जो जोड आहे, त्याचं काय?" मी विचारलं. "तुटला तर तोच आहे."

"ताई, जोड ही वस्तू नाही. जोड ही घटना आहे. घटनेला वॉरंटी नसते."

तरीही मार्ग होता. मार्ग असतोच, फक्त तो लांबचा असतो. कॅप बनवणाऱ्या 'शुभ्रशिखर' कंपनीनं आणि सिमेंटवाल्यांनी मिळून एक 'जोड-तक्रार निवारण प्रकोष्ठ' उघडला होता. प्रकोष्ठ म्हणजे खोली, पण भोपाळमध्ये खोलीला प्रकोष्ठ म्हटलं की तिच्यात टेबल वाढतं.

बाबांनी त्याच संध्याकाळी आवेदन पाठवलं. उत्तर लगेच आलं, आणि बाबा त्या तत्परतेनंच भारावले. उत्तरात लिहिलं होतं: 'नमुना मूळ स्वरूपात सादर करावा. नमुन्यात कॅप, सिमेंट व दात यांचा समावेश असावा. छायाप्रत ग्राह्य धरली जाणार नाही.'

बाबांनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं. पेन्शनसाठी आलेल्या म्हाताऱ्यांना, बदलीसाठी आलेल्या मास्तरांना: मूळ प्रत आणा. आता पहिल्यांदाच मूळ प्रत त्यांच्या बायकोच्या तोंडात होती.

"नियम चुकीचा नाही," ते अखेर म्हणाले. "पण मूळ दात सध्या वापरात आहे."

"सध्या?" सासूबाई म्हणाल्या.

तोडगा बाबांनीच काढला: साक्षांकित सत्यप्रत. दाताचा एक्सरे काढला आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायचं ठरलं. बाबा स्वतः निवृत्त, त्यामुळे त्यांच्या सहीचं वजन गेलेलं. म्हणून त्यांच्या जुन्या कार्यालयातले, अजून सेवेत असलेले रमेशजी घरी आले. चहा झाला, पोहे झाले. मग त्यांनी पेन काढलं आणि थांबले.

"सर, आप ही ने सिखाया था," ते संकोचून बाबांना म्हणाले. "मूळ देखे बिना सही नहीं करना."

बाबांच्या डोळ्यांत शिष्याबद्दल अभिमान दाटून आला. सासूबाईंच्या डोळ्यांत काय दाटून आलं, ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. दिवाणखान्यात खुर्ची उजेडात ओढली गेली. सासूबाई बसल्या, पदर बाजूला केला, आणि ज्या बाईनं तीन दिवस नातीसमोरसुद्धा तोंड उघडलं नव्हतं, तिनं एका परक्या माणसासमोर मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात आ केला. डोळे मात्र घट्ट मिटून घेतले. रमेशजींनी एक्सरे पाहिला, तोंड पाहिलं, पुन्हा एक्सरे पाहिला आणि लिहिलं: 'मूळ दाताशी पडताळून पाहिले. बरोबर आढळले.' खाली शिक्का.

मी कप उचलत होते. रागानं ते ट्रेमध्ये जरा जोरातच आदळले. मी बाबांना काहीतरी बोलणार होते, पण सासूबाईंनी पदर पुन्हा वर घेता घेता मला हळूच सांगितलं, "पोहे छान झाले होते. जा, गार पाणी दे त्यांना."

सुनावणी साकेत नगरात होती, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ऋतुजाला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही आली. तिचा खालचा एक दुधाचा दात हलत होता आणि रस्ताभर ती तो जिभेनं पुढे-मागे करत होती. आजीच्या दाताचा निकाल लागेपर्यंत आपला पडू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

टेबलापलीकडे प्राजक्ता मॅडम होत्या, प्रकोष्ठ प्रभारी. शेजारी सिमेंट कंपनीचे वरुणजी, अंगात कोट. बाबांनी वडीची डबी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

प्राजक्ता मॅडमनी भिंग लावून आत पाहिलं. "आमची पद्धत सरळ आहे, काका. कॅप निघाल्यावर सिमेंट कुठे राहिलं, ते आम्ही बघतो. सिमेंट दाताला चिकटून राहिलं असेल, तर दोष कॅपचा. तिनं धरलं नाही. सिमेंट कॅपला चिकटून राहिलं असेल, तर दोष दाताचा. त्यानं सोडलं."

"आणि सिमेंटचा दोष केव्हा?" मी विचारलं.

वरुणजी प्रसन्न हसले. "मैडम, सीमेंट तो दोनों तरफ़ कोशिश करता है."

"इथे अर्धं कॅपला राहिलंय, अर्धं दाताला," बाबांनी एक्सरे पुढे सरकवत सांगितलं. "साक्षांकित आहे."

"मग दोष संयुक्त. संयुक्त दोष म्हणजे कुणाचाच नाही," प्राजक्ता मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखर सुटका होती.

मी वरुणजींना विचारलं, "तुमच्या सिमेंटची पकड तपासलेली तरी आहे का?"

ते दुखावले. "सैकड़ों दाँतों पर."

"कुणाच्या?"

"किसी के नहीं. निकाले हुए दाँत थे. प्रयोगशाला में."

"म्हणजे तोंडात नव्हते?"

"मुँह में दिक़्क़त होती है ना, मैडम. लार होती है. जीभ होती है. आदमी खाता है, बोलता है." त्यांनी सासूबाईंकडे जरा नाराजीनं पाहिलं. "हमारा सीमेंट सूखे, शांत मुँह के लिए सबसे बढ़िया है."

"शांतच आहे आता," मी म्हटलं.

प्राजक्ता मॅडमनी तोडगा सुचवला. मागच्या खोलीत यंत्र होतं. कॅप पुन्हा दाताला चिकटवायची आणि यंत्रानं ओढायची. किती जोर लागतो ते मोजायचं. आकडा चांगला आला, की पकड उत्तम असल्याचं प्रमाणपत्र.

बाबांना हे पटलं. "कुठवर ओढता?"

"निघेपर्यंत."

"आणि निघाल्यावर?"

"प्रमाणपत्र देतो."

"पण कॅप?" मी म्हटलं.

"ती तर निघालेली असेल," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "ताई, घट्ट होतं की नाही, ते तुटल्याशिवाय सांगता येत नाही. जगात सगळीकडे हीच पद्धत आहे."

ऋतुजाची जीभ दातावर थांबली. ती प्राजक्ता मॅडमकडे टक लावून बघत होती. मोठी माणसं काहीतरी महत्त्वाचं सांगतायत, असं वाटलं की ती अशीच बघते.

"फक्त एक अडचण आहे," प्राजक्ता मॅडम पुढे म्हणाल्या. "यंत्र तोंडात जात नाही. दात यंत्रापर्यंत यावा लागेल."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर एक शब्द आला होता आणि तो शब्द 'नियम' असावा, अशी मला दाट शंका आहे. पण तो बाहेर पडण्याआधी त्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाई पदराआडून त्यांच्याकडेच बघत होत्या, शांतपणे. बाबांनी तो शब्द गिळला. त्यांच्या सेवाकाळात असं कधी झालं नव्हतं.

"दात येणार नाही," ते म्हणाले. "वडी ओढा."

ही सूचना कुठल्याच नियमात बसत नव्हती, पण कुठल्याच नियमानं ती नाकारलीही नव्हती, आणि वरुणजींना उत्सुकता होती. वडी यंत्राच्या एका चिमट्यात धरली, कॅप दुसऱ्या. प्राजक्ता मॅडमनी बटण दाबलं. यंत्र घुंई करत ओढू लागलं. काटा चढला. सिमेंटच्या आकड्यापाशी आला, तिथे क्षणभर रेंगाळला, आणि मग जावयासारखा कुणाची परवानगी न घेता पुढे निघून गेला.

कट् असा आवाज झाला. वडी मधोमध तुटली. कॅप मात्र अजून तिच्या अर्ध्या तुकड्यात तशीच होती.

"जोड शाबूत," प्राजक्ता मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "वस्तू तुटली, पण जोड सुटला नाही."

वरुणजी खाली बसले. "ये तो हमारा सपना है," ते म्हणाले. कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला आणि माझ्याकडे वळले. "इसमें क्या डाला है?"

"तीळ, गूळ. थोडं तूप."

"सतह की तैयारी?"

"ताटाला तूप लावून घेतलं."

"जमने के समय वातावरण सूखा था?"

"सासूबाई शेजारी उभ्या होत्या."

त्यांनी ते लिहून घेतलं.

मग दोघं कोपऱ्यात जाऊन कुजबुजले आणि प्राजक्ता मॅडम परत आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रकरण मिटल्याचं तेज होतं. "काका, निष्कर्ष स्पष्ट आहे. कॅप निर्दोष. सिमेंट निर्दोष. दात गैरहजर. दोष वडीचा. तिची पकड मर्यादेबाहेर आहे. सिमेंटची तिच्याविरुद्ध चाचणी झालेली नव्हती. त्यामुळे जबाबदारी वडी बनवणाऱ्यावर जाते." त्यांनी पेन उघडलं. "वडी कुणी केली?"

हसण्यासारखीच गोष्ट होती, पण मला हसू येईना. पाक पुढे गेला गं तुझा. आता हे वाक्य शिक्क्यासह कायमचं नोंदलं जाणार होतं. पुढच्या संक्रांतीला, त्याच्या पुढच्या संक्रांतीला, अभिजीतच्या मावशीकडे, नागपूरच्या लग्नात: अनुराधानं केलेल्या वडीनं सासूचा दात पडला, तसा निर्णयच आहे. मी तोंड उघडलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पदर खाली घेतला होता. पूर्ण खाली. समोरची खिडकी सगळ्यांना दिसत होती.

"मी केली वडी. पाक माझाच पुढे गेला."

"आई..." मी म्हटलं.

"तू गप्प बस गं. मोठ्यांचं चाललंय."

ऋतुजा काहीतरी बोलायला गेली. ओट्यावर चढून, वड्यांवर खोबरं पेरायला तीच माझ्याशेजारी होती. पण आजीनं तिचा हात धरून नुसता दाबला आणि ती गप्प झाली.

निकाल असा लागला: अर्जदारानं स्वतःच स्पर्धक चिकट पदार्थ तयार केला आणि स्वतःच्या जबाबदारीवर चावला. दावा नामंजूर. कॅपसह वडी पुढील संशोधनासाठी प्रकोष्ठाच्या ताब्यात.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "वरिष्ठ प्रकोष्ठाकडे अपील करता येतं."

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "अपील तुमच्या दातावर करा."

बाबा हसले नाहीत. पण चष्म्याच्या दुकानापाशी, उंच पायरी होती तिथे, त्यांनी न सांगता हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला.

डॉ. सौरभनी नव्या कॅपचं माप घेतलं. ती रथसप्तमीनंतर येणार होती. तोवर तात्पुरती लावून देतो म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे आता. खिडकीची सवय झाली. वारा छान येतो."

आणि रथसप्तमीला त्या आत बसल्या नाहीत. पैठणी नेसून हॉलच्या मधोमध बसल्या. बातमी आधीच पोचली होती, त्यामुळे त्या वर्षी बायका जास्तच आल्या. कुणी मुद्दाम सुपारी पुढे केली, कुणी विचारलं, "लीलाताई, यंदा घेणार ना नाव?" सासूबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"कॅप माझी अडकली साहेबांच्या ताब्यात,
मनोहररावांचं नाव घेते उरलेल्या दातांत."

मग डोळे मिटले, खांदे हलले आणि शेजारच्या भाग्यश्रीकाकूंना मांडी पुढे करावी लागली. आतल्या खोलीतूनही एक जाड, दबका हसण्याचा आवाज आला. पुरुषांनी ऐकायचं नसतं, हा नियम बाबा पडद्यामागे उभे राहून मोडत होते.

वाटताना सासूबाई प्रत्येकीला म्हणत होत्या, "वडी अनुची आहे. पाक पुढे गेलाय, पण घ्या."

प्रत्येकीनं घेतली. जपून, दाढेनं.

सगळ्या गेल्यावर मी सतरंजी गोळा करत होते. बाहेर अजून उजेड होता. मनात सारखा तो प्रकोष्ठ येत होता, आणि मला त्या लोकांचं हसू येत होतं. घट्टपणा मोजायचा, तर म्हणे तुटेपर्यंत ओढायचं. तुम्हीही हसत असाल. पण जरा आठवून बघा. यंदा वाढदिवसाला आपण आपणहून फोन करायचा नाही, बघू तरी तिकडून येतो का, असं मध्यंतरी कुणी ठरवलं होतं? भांडणात 'मग जाते मी' म्हणून पायात चप्पल घालून दाराशी मुद्दाम रेंगाळलं कोण होतं? आपल्या घरात यंत्र नाही, एवढाच फरक. दर संक्रांतीला पाक पुढे गेला म्हणून कुणी ओढत असतं, आणि रडून, भांडून कुणी दुसऱ्या बाजूनं. नशीब, की मधलं काहीतरी अजून तोंडातल्या सगळ्या ओलाव्याला, जिभेला पुरून उरलेलं असतं. ते काय असतं, ते कुठल्या डबीवर लिहिलेलं नाही.

ऋतुजा येऊन सतरंजीच्या दुसऱ्या टोकावर बसली. हलणारा दात अजून तिथेच होता. तिनं तो दोन बोटांत धरला, थोडा ओढला आणि सोडून दिला.

"आई, त्या मॅडम म्हणाल्या ना, तुटल्याशिवाय कळत नाही घट्ट होतं का ते?"

"हं."

आतून आजीची हाक आली, "अनु, चहा टाक गं, माझ्यासाठी साखर कमी." ऋतुजानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग आपण तर अजून तुटलोच नाही. आपण घट्ट आहोत, हे तुला कसं कळलं?"